काडी, कागद आणि कचेरी
भंडारा जिल्ह्याच्या निमित्ताने घटस्फोटाच्या दप्तराचा मागोवा

पवनी किंवा लाखांदूर तालुक्यातल्या एखाद्या गावातली एक बाई डोळ्यांपुढे आणा. नवऱ्याचे घर सोडून तिला पंधरा-वीस वर्षे झालेली. भावाच्या ओसरीला राहते, रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत मजुरीला जाते. ट्रंकेच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत तिने एक मुद्रांक जपून ठेवलेला आहे. त्यावर टंकलेल्या दहा-बारा ओळी, दोघांच्या सह्या किंवा अंगठे आणि खाली पाच पंचांची नावे. मजकूर असा की, उभयतांचे पटत नसल्याने राजीखुशीने काडीमोड झालेली आहे, यापुढे कोणाचा कोणावर हक्क नाही, ज्याने त्याने आपला संसार थाटावा.

हा कागद घेऊन ती संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज द्यायला तहसील कचेरीत जाते. खिडकीपलीकडून विचारणा होते, ‘कोर्टाचा हुकूम आहे का?’ तो नसतो. गावाच्या लेखी ती मोकळी झालेली असते, नवऱ्याने दुसरे लग्नही केलेले असते. पण सरकारी दप्तरात ती अजून त्याची बायको आहे. घटस्फोटित नाही, विधवा नाही; फार तर ‘परित्यक्ता’.

ही बाई काल्पनिक आहे. तिची अडचण मात्र काल्पनिक नाही. ज्या कागदाने तिच्या आजीची सुटका झाली असती, त्याच कागदाने तिची का होत नाही? तो कागद कधीपासून अपुरा ठरला आणि कोणी ठरवला? या लेखात त्याचा माग काढायचा आहे. घटस्फोट ही कायद्याने अलीकडे दिलेली सवलत आहे, असा एक समज सुशिक्षितांत घट्ट रुजला आहे. जुनी दप्तरे मात्र वेगळी हकीकत सांगतात.

शब्दांची साक्ष

आधी शब्दांकडे पाहू. मराठीत या एका घटनेला निदान चार नावे आहेत आणि चारही वेगवेगळ्या घरांतून आलेली आहेत.

‘काडीमोड’ हा शब्द कृतीतून आला. पंचांसमोर गवताची काडी घ्यायची आणि मोडून दोन तुकडे करायचे. लिहिता न येणाऱ्या समाजाचा हा हुकूमनामा. तो पाहणारे डोळे हेच त्याचे दप्तर. ‘सोडचिठ्ठी’ म्हटले की कागद आला, म्हणजे लिहिणारा आला आणि बहुधा देणारा नवरा व घेणारी बायको हा क्रमही आला. ‘फारकत’ किंवा ‘फारखती’ हा शब्द फारसी दप्तरातून मराठीत उतरला. त्याचा मूळ अर्थ मोकळीक दिल्याचे पत्र. कर्ज फिटले की सावकार फारखती लिहून देई. संसार मोडला की नवरा फारकत लिहून देई. हिशेब चुकता झाला, आता येणे-देणे बाकी नाही, हा भाव दोन्हीकडे एकच.

आणि ‘घटस्फोट’? आज तो सर्वांत प्रतिष्ठित शब्द आहे, पण त्याचा उगम सर्वांत कठोर आहे. धर्मशास्त्रात घटस्फोट म्हणजे बहिष्काराचा विधी. पतित ठरलेल्या माणसाच्या नावाने पाण्याचा घडा लवंडायचा किंवा फोडायचा, त्याचे जणू और्ध्वदेहिक करायचे आणि जातीतून त्याला मेलेला समजायचे. त्या विधीचा आणि नवरा-बायकोच्या सोडवणुकीचा मुळात काही संबंध नव्हता. पुढे पांढरपेशा मराठीला इंग्रजी कायद्यातल्या कल्पनेसाठी संस्कृत शब्द हवा झाला, तेव्हा हा शब्द उचलला गेला. काडीमोडीत दोन माणसे मोकळी होत. घटस्फोट या शब्दातच कोणी तरी बाहेर टाकले जाण्याची सावली आहे. घटस्फोटित स्त्रीकडे समाज ज्या नजरेने बघतो, ती नजर या शब्दाने आणली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण शब्द त्या नजरेला साजेसा मिळाला एवढे खरे.

पंचांचा काळ

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पती-पत्नीच्या विभक्तीला ‘मोक्ष’ म्हटले आहे. दोघांनाही परस्परांचा द्वेष असेल तर मोक्ष मिळावा, मात्र ब्राह्म आदी धर्मविवाहांना ही सोय नाही, असा त्यातला नियम. म्हणजे वरच्या वर्णांचा विवाह न तुटणारा आणि बाकीच्यांचा तुटू शकणारा, ही विभागणी जुनीच आहे. तिच्याकडे लक्ष द्यायला हवे, कारण पुढे इंग्रजी न्यायालयांनी ‘हिंदू कायदा’ म्हणून जे उचलले ते मुख्यतः पहिल्या गटाचे शास्त्र होते.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातींचे कायदे आणि चाली गोळा केल्या. १८२७ साली ते संकलन प्रसिद्ध झाले. त्यात अनेक जातींमधल्या सोडचिठ्ठीची आणि पाटाची नोंद आहे. लग्न एकदाच, पाट पुन्हा होऊ शकतो. विधवेचा होतो, तसाच सोडचिठ्ठी मिळालेल्या बाईचाही. मराठी राजवटीला ही चाल चांगली ठाऊक होती, इतकी की पाटावर ‘पाटदाम’ नावाची पट्टी घेतली जाई. ज्या गोष्टीवर सरकार कर घेते, ती गोष्ट समाजात नाही असे म्हणता येत नाही.

आता भंडाऱ्याकडे येऊ. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५३ साली खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि वैनगंगेच्या दोन्ही काठांचा हा तलावांचा व धानाचा मुलूख त्या प्रांतात गेला. भंडारा जिल्ह्याचे गॅझेटिअर आर. व्ही. रसेल यांच्या संपादनाखाली १९०८ साली निघाले. त्याच रसेल यांनी रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने मध्य प्रांतातील जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला. कुणबी, तेली, कोष्टी, महार, ढीवर, गोंड, हलबा अशा या भागातल्या समाजांची माहिती त्यात आहे. जातीमागून जात वाचत गेले की एक सूत्र दिसते. बहुसंख्य समाजांत पंचायतीसमोर विभक्त होता येई, त्या बाईला पाट लावता येई आणि नव्या नवऱ्याने पहिल्याला लग्नखर्चाची भरपाई द्यावी असा दंडक अनेक ठिकाणी होता.

ही व्यवस्था आदर्श होती असे म्हणण्याचे कारण नाही. पंच सगळे पुरुष. लग्नखर्चाची भरपाई पुरुषाने पुरुषाला द्यायची. त्या व्यवहारात बाईची जागा देवघेवीच्या वस्तूजवळची. जातीबाहेर पाऊल पडले तर दंड आणि जेवणावळ. मुले बहुतेक बापाची. पोटगी हा शब्द पंचांच्या कोशात क्वचितच. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. नको झालेल्या संसारातून बाहेर पडायला दार होते, ते गावातच होते आणि बाहेर पडलेल्या बाईला पुन्हा संसार करता येत होता.

दार बंद होते

इंग्रजी न्यायालयांनी हे दार एका दिवसात बंद केले नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४९४ आले. पहिला जोडीदार जिवंत असताना केलेले दुसरे लग्न ज्या कारणाने रद्दबातल ठरते, त्या कारणाने ते करणे गुन्हा. वाचायला हे कलम स्त्री-पुरुष दोघांना सारखे आहे. पण हिंदू पुरुषाला अनेक बायका करण्याची मुभा असल्याने त्याचे दुसरे लग्न रद्दबातल ठरतच नव्हते. कलमाचे टोक रुतले ते बाईला.

१८७६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘रेग. विरुद्ध संभू रघु’ हे प्रकरण आले. त्यात न्यायालयाने ठरवले की, लग्न रद्द झाले असे जाहीर करण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्न करण्याची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. जातीने परवानगी दिली म्हणून आपण प्रामाणिकपणे पाट लावला, हा बचावही चालणार नाही. पिढ्यान् पिढ्या जे पंचांच्या सहीने होत आले होते, ते आता तुरुंगाचे कारण ठरू शकत होते. रूढीचा घटस्फोट मुंबई इलाख्यात यामुळे सरसकट बेकायदा झाला असे नाही. रूढी सिद्ध झाली आणि ती न्यायालयाला अनीतीची वाटली नाही तर मानली जाई. पण अधिकार हलला. पूर्वी पंच सांगत आणि प्रश्न मिटे. आता पंचांचे म्हणणे खरे की खोटे ते न्यायाधीश सांगणार होते.

याच सुमाराला नवऱ्याच्या हाती एक नवे हत्यार आले, ते म्हणजे वैवाहिक संबंध पुनःस्थापित करण्याचा दावा. ही कल्पना इंग्लंडच्या धर्मन्यायालयांची. आपल्या शास्त्रात किंवा रूढीत तिला तसा आधार नव्हता. रखमाबाईंचा खटला सर्वांना माहीत आहे, पण या संदर्भात तो पुन्हा पाहण्यासारखा आहे. त्या सुतार समाजातल्या. त्यांच्या समाजात विधवेला पुन्हा लग्न करता येई. त्यांच्या आईनेच डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लावलेले लग्न रखमाबाईंनी नाकारले आणि १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलानंतर १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने कैदेत जा, असा निर्णय दिला. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे रखमाबाई डॉक्टर होऊन परतल्या.

त्या तडजोडीच्या रकमेकडे पाहिले की गावच्या पंचायतीची आठवण येते. अखेर उच्च न्यायालयातला वाद मिटला तो नवऱ्याला पैसे देऊनच. फरक एवढाच, की पंचांनी पैसे घेऊन काडी मोडली असती. इथे पैसे देऊनही लग्न कायद्याने मोडले नाही.

भंडाऱ्याला मुंबईचा कायदा लागू नव्हता. मध्य प्रांताचा स्वतंत्र कायदा १८७५ सालचा. त्याच्या पाचव्या कलमानुसार विवाह, वारसा, जात अशा बाबतींत हिंदूंना हिंदू कायदा आणि मुसलमानांना मुसलमानी कायदा लावायचा. पण एखाद्या वर्गात त्याहून वेगळी रूढी बंधनकारक म्हणून चालत असेल तर ती रूढी मानायची. कागदावर ही तरतूद उदार होती. पण रूढी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी ती सांगणाऱ्यावर, म्हणजे बहुतेक वेळा त्या बाईवरच. पंचायतीत जी गोष्ट सांगावीही लागत नसे, ती कचेरीत साक्षीपुराव्याने शाबीत करावी लागू लागली.

दोन मराठी मुलूख, दोन कायदे

विसाव्या शतकात कायद्याने घटस्फोट देण्याचे प्रयत्न संस्थानांत आधी झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ च्या सुमारास काडीमोडीविषयी कायदा केला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. ब्रिटिश मुलखात मुंबई प्रांताने १९४६ मध्ये द्विभार्याप्रतिबंधक आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोट कायदा केला.

इथे प्रांतांच्या सीमारेषेला महत्त्व येते. १९४७ नंतर नाशिकची किंवा साताऱ्याची हिंदू स्त्री घटस्फोटासाठी न्यायालयात अर्ज करू शकत होती. भंडाऱ्याची, नागपूरची, अमरावतीची स्त्री करू शकत नव्हती, कारण मध्य प्रांत-वऱ्हाडात असा कायदा नव्हता. तिला फार तर १९४६ च्या केंद्रीय कायद्याने वेगळे राहण्याचा आणि पोटगीचा हक्क होता. ज्यांच्या जातीत काडीमोड होती त्या जुन्या वाटेने जात राहिल्या. ज्यांच्यात नव्हती, त्या पांढरपेशा घरांतल्या बायकांना वाटच नव्हती. भाषा एक असली तरी त्या वर्षांत मराठी बाईची सुटका ती कोणत्या प्रांतात राहते यावर ठरत होती.

अखिल भारतीय तोडगा म्हणजे हिंदू कोड बिल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्री म्हणून ते पुढे रेटले. घटस्फोटाच्या तरतुदीने हिंदू संसार उद्ध्वस्त होईल, असा कल्लोळ सनातनी मंडळींनी केला, तेव्हा त्यांनी दाखवून दिले की हिंदू समाजात शूद्र म्हणवल्या गेलेल्यांचीच संख्या प्रचंड आहे आणि त्यांच्यात घटस्फोट रूढीने चालतच आला आहे. मूठभरांची चाल ‘हिंदू धर्म’ ठरवायची आणि बहुसंख्यांची चाल अपवाद, हा उलटा न्याय त्यांनी नेमका पकडला होता. स्टील आणि रसेल यांच्या पानांतली माहिती तेच सांगते. बिल रखडले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला.

आणि इथे हा इतिहास थेट भंडाऱ्यात येतो. मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ द्विसदस्यीय होता. राखीव जागेसाठी बाबासाहेब स्वतः उभे राहिले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, बाबासाहेब हरले. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता जिंकले. या पराभवाची कारणे अनेकांनी मांडली आहेत, ती इथे उगाळायची नाहीत. पण कालक्रम विसरता येत नाही. ज्याने घटस्फोटाचा हक्क सर्व हिंदू स्त्रियांना मिळावा म्हणून मंत्रिपद सोडले, त्याला भंडाऱ्याने लोकसभेत पाठवले नाही. आणि सुमारे वर्षभरानंतर, १८ मे १९५५ रोजी, हिंदू विवाह अधिनियम अमलात आला तेव्हा भंडाऱ्याच्या स्त्रियांनाही तो हक्क प्रथमच मिळाला.

१९५५ ने काय दिले

मूळ कायदा आज वाटतो तितका मोकळा नव्हता. छळ आणि परित्याग ही त्या वेळी घटस्फोटाची कारणे नव्हती; त्यांवर फक्त न्यायिक विभक्ती मिळे आणि ती मिळूनही दोन वर्षे एकत्र न आल्यास घटस्फोट मागता येई. लग्नानंतर तीन वर्षे अर्जच करता येत नसे. छळ, दोन वर्षांचा परित्याग आणि परस्पर संमती ही कारणे १९७६ च्या दुरुस्तीने आली, तीन वर्षांची अट एका वर्षावर आली. म्हणजे राजीखुशीने वेगळे होण्याची जी सोय काडीमोडीत आधीपासून होती, ती कायद्यात यायला १९७६ साल उजाडावे लागले.

एका कारणाचा उल्लेख पूर्व विदर्भाच्या संदर्भात करायलाच हवा. जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण कायद्यात १९५५ पासून होते. हा आजार या पट्ट्याला अपरिचित नाही. बाबा आमट्यांचे आनंदवन शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला उभे राहिले ते याच दुःखातून. औषधाने रोग पूर्ण बरा होऊ लागल्यावरही ते कारण कायद्याच्या पुस्तकात राहिले. ते वगळले गेले २०१९ साली.

या कायद्यातल्या दोन तरतुदी आपल्या ट्रंकेतल्या कागदासाठी कळीच्या आहेत. पहिली कलम २९(२). रूढीने मिळणारा घटस्फोटाचा हक्क या कायद्याने बाधित होत नाही. दुसरी कलम २(२). अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज, हा कायदा लागूच नाही. म्हणून गोंड आणि हलबा समाजात विवाह व विभक्ती आजही त्यांच्या रूढीने ठरतात. बौद्धांना मात्र हा कायदा लागू आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरात आणि त्यानंतर ज्यांनी जात टाकली, त्यांनी जातपंचायतीची चालही मागे टाकली. त्यांची वाट सरळ न्यायालयाकडे जाते.

तर काडीमोड कायद्याने मेलेली नाही. पण ती शाबीत करावी लागते. रूढी दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळली जाते, ती निश्चित आहे, अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध नाही, हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ‘यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला’ या प्रकरणात स्पष्ट केले की, रूढीच्या घटस्फोटावर विसंबणाऱ्याने ती रूढी आपल्या कैफियतीत मांडली पाहिजे आणि पुराव्याने सिद्ध केली पाहिजे. नुसता दस्त पुरत नाही. गावात लिहिल्या जाणाऱ्या बहुतेक काडीमोडपत्रांत कोणती जात, कोणती रूढी, कधीपासून, याचा शब्दही नसतो. मुद्रांकाचा कागद आणि नोटरीचा शिक्का यांनी घटस्फोट झाला असा समज मात्र पक्का असतो.

या समजाला एक विचित्र आधार आहे. १८९९ च्या भारतीय मुद्रांक कायद्याच्या अनुसूचीत ‘घटस्फोटाचा दस्त’ हा स्वतंत्र प्रकार दिलेला आहे आणि त्यावर शुल्क लावलेले आहे. पेशवाईत पाटदाम, इंग्रजीत मुद्रांक. महसूल खात्याने या कागदाची दखल न्यायखात्याच्या आधी आणि अधिक तत्परतेने घेतली आहे.

दप्तर कुठे शोधावे

जन्म, मृत्यू आणि विवाह यांच्या नोंदवह्या असतात. महाराष्ट्रात विवाहनोंदणीसाठी १९९८ चा कायदा आहे. घटस्फोटाची मात्र अशी नोंदवही नाही. उत्तराखंडने जानेवारी २०२५ पासून लागू केलेल्या समान नागरी संहितेत घटस्फोटाच्या नोंदणीची तरतूद केली आहे; आपल्याकडे न्यायालयाचा हुकूमनामा हाच घटस्फोटाचा दाखला. ग्रामपंचायत तो देऊ शकत नाही, तहसीलदार देऊ शकत नाही, तंटामुक्त गाव समितीही देऊ शकत नाही. समितीने समेट घडवावा, वेगळे होण्याची बोलणी करावी. ती लग्न मोडू शकत नाही.

जुना हुकूमनामा शोधायचा असेल तर तीन गोष्टी हाताशी हव्यात : दोघांची नावे, निकालाचे साल आणि शक्य झाल्यास प्रकरण क्रमांक. ज्या न्यायालयाने निकाल दिला, तिथल्या नक्कल विभागात अर्ज करायचा. प्रकरण जुने असेल तर ते अभिलेख कक्षात गेलेले असते. अलीकडची प्रकरणे ई-कोर्ट्सच्या व्यवस्थेत पक्षकाराच्या नावाने शोधता येतात. जुन्यांसाठी न्यायालयातली नोंदवहीच चाळावी लागते. निकालात काढलेल्या प्रकरणांतले सगळे कागद कायम ठेवले जात नाहीत. १९१७ च्या कायद्यानुसार उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या मुदतींनंतर किरकोळ कागद नष्ट होतात. म्हणून निकाल लागल्याबरोबर हुकूमनाम्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती काढून ठेवणे शहाणपणाचे.

भंडाऱ्याच्या बाबतीत शोध घेणाऱ्याने नकाशाचाही इतिहास लक्षात ठेवावा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तिरोडा, आमगाव, देवरी या भागांतल्या त्यापूर्वीच्या प्रकरणांसाठी दोन्हीकडे चौकशी करावी लागते. अपिलांचा माग त्याहून लांब जातो. १९३६ पूर्वी नागपूरचे ज्युडिशियल कमिशनर, मग नागपूर उच्च न्यायालय, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आल्यापासून मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. एकाच गावातल्या तीन पिढ्यांची प्रकरणे तीन वेगळ्या न्यायव्यवस्थांच्या दप्तरांत विभागलेली असू शकतात.

नवा अर्ज

आणि नव्याने अर्ज करायचा झाला तर? कुटुंब न्यायालय असेल तिथे ते. नसेल तिथे अधिकार असलेले दिवाणी न्यायालय. लग्न जिथे लागले, दोघे शेवटी जिथे एकत्र राहिले किंवा समोरचा पक्ष जिथे राहतो, त्या ठिकाणच्या न्यायालयात पूर्वी जावे लागे. वरपक्षाच्या गावी लग्न लागलेल्या आणि माहेरी परतलेल्या बाईला प्रत्येक तारखेला सासरच्या जिल्ह्याची वाट तुडवावी लागायची. २००३ च्या दुरुस्तीने पत्नीला ती सध्या राहते तिथे अर्ज करण्याची मुभा दिली. गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी मोजणाऱ्या बाईसाठी ही दुरुस्ती मोठमोठ्या तत्त्वांहून मोलाची आहे.

दोघांची संमती असेल तर कलम १३-ब खाली एकत्रित अर्ज. त्याआधी निदान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. मने जुळण्याची शक्यता संपलेली असेल तर हे सहा महिने न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. संमती नसेल तर छळ, परित्याग इत्यादी कारण सिद्ध करावे लागते. विवाहाचा दाखला किंवा लग्नपत्रिका व फोटो, रहिवासाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले ही कागदपत्रे लागतात. दावा चालू असताना खर्च व पोटगी मागता येते, निकालाच्या वेळी कायमची पोटगी आणि मुलांचा ताबाही ठरतो. कामकाज बंद दालनात चालते. निकालानंतर अपिलासाठी नव्वद दिवस असतात. अपील झाले नाही किंवा फेटाळले गेले, की मगच पुन्हा लग्न करता येते.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे साधा अर्ज पुरतो. मुद्रांक विक्रेत्याचा पत्ता गावात सर्वांना ठाऊक असतो. हा पत्ता फार थोड्यांना.

पुन्हा त्या कागदाकडे

आता ट्रंकेतल्या कागदाचे काय? तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, तो कागद बाजूला ठेवून परित्यागाच्या कारणाने नवा अर्ज करायचा. वेगळे राहून इतकी वर्षे झाली असताना ही वाट बहुधा सोपी; पण तो कागद इथे उलटतोही, कारण ‘राजीखुशीने वेगळे झालो’ असे तिनेच लिहून दिलेले असते आणि संमतीने वेगळे राहणे हा परित्याग होत नाही. दुसरी वाट म्हणजे रूढीने घटस्फोट झालेला आहे असे जाहीर करून मागण्याचा दावा. त्यात पंचांपैकी जे हयात असतील त्यांच्या साक्षी लागतील, समाजातल्या जुन्या उदाहरणांचे पुरावे लागतील. आधाराला गॅझेटिअर आणि रसेल-हिरालाल यांचा ग्रंथ पुढे करता येईल. न्यायालय अशी पुस्तके संदर्भासाठी पाहू शकते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका साहेबाने नोंदवलेले पान आज एका मजूर बाईचा साक्षीदार होऊ शकते.

परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न महाराष्ट्रात १९८० च्या दशकात संगमनेरच्या समता आंदोलनाने चव्हाट्यावर आणला. ॲड. निशा शिवूरकर यांच्या ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ या पुस्तकात तो सविस्तर आला आहे. त्या लढ्याने एक गोष्ट शिकवली. टाकलेल्या बाईचे पहिले दुःख नवरा गेल्याचे नसते. आपण नेमक्या कोण, हे तिला कुठल्याच खिडकीवर सांगता येत नाही, हे असते.

काडी मोडत होती तेव्हा गाव साक्षीला होते आणि गावाची साक्ष पुरत होती. पुढे साक्षीचा अधिकार कचेरीकडे गेला. तो गेला हे वाईट झाले असे नाही. पंचांनी कधी न दिलेली पोटगी आणि मुलांवरचा हक्क कचेरीने दिला. पण जुना कागद रद्द झाला आहे ही बातमी गावोगाव पोचवण्याचे काम कोणी केले नाही. मुद्रांक विकले जात राहिले, पंच सह्या करत राहिले आणि बाया तो कागद लुगड्याच्या घडीत जपत राहिल्या. आजही कुठल्याशा ओट्यावर असा एखादा कागद लिहिला जात असेल. तिथे बसलेल्यांपैकी एकाने तरी लिहिणाऱ्याचा हात थांबवून म्हणावे, ‘बाई, एवढ्यावर निभायचे नाही, एकदा कोर्टातून हुकूम आणा.’